१ जुलै १८६५ : कापसाने बुडवले, ही सोयीची दंतकथा

१ जुलै हा वाशिम जिल्ह्याचा वाढदिवस. १९९८ साली या दिवशी तो अकोल्यातून वेगळा झाला. त्याच तारखेला, बरोबर १३३ वर्षे आधी, मुंबईत वायदे फेडण्याची मुदत भरली आणि हिंदुस्थानातील पहिली मोठी शेअरबाजारी तेजी एका दिवसात उघडी पडली. तारखांची ही जुळणी निव्वळ योगायोग आहे. तिच्यातून कोणी ज्योतिष काढू नये. या दोन ठिकाणांमधले नाते मात्र योगायोगाचे नाही. मुंबईत तेव्हा जो पैसा खेळला, त्याचे एक मूळ वऱ्हाडच्या काळ्या मातीत होते.

वाशिम म्हटले की इतिहासप्रेमी वत्सगुल्म आणि वाकाटक यांच्यापाशी थांबतात. त्यांचे काही चुकत नाही. पण याच भूमीला एकोणिसाव्या शतकाचाही इतिहास आहे, आणि तो शिलालेखांपेक्षा हिशेबाच्या वह्यांत अधिक सापडतो.

त्या काळाची एक कथा समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली, मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. मग १८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली शरण गेला, कापूस कोसळला आणि मुंबई बुडाली. कथा नीटस आहे आणि सांगायला दोन मिनिटे लागतात. तिचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध ही दिशाभूल आहे, आणि ती निरुपद्रवी नाही, कारण तिच्यामुळे बुडीताचे सारे खापर दूरच्या एका युद्धावर फुटते आणि मुंबईतच ज्यांनी कागद छापून विकले ते निर्दोष सुटतात.

आधी खऱ्या भागाविषयी. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. इथला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरावती’ म्हणून ओळखला जाई. आगगाडी येण्यापूर्वी तो बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून शेकडो मैल जाई. एके काळी तर तो पूर्वेकडे गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. ही वाहतूक करणाऱ्यांत बंजारा तांडे अग्रभागी होते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्यांचे श्रद्धास्थान आज ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात कारंज्याची जुनी व्यापारी पेठ आहे. धर्मस्थळ आणि पेठ इतक्या जवळ असाव्यात, यात या प्रदेशाचे अर्थशास्त्र दडले आहे. पण तो विषय स्वतंत्र धाग्याचा.

१८६१ नंतर कापसाचे भाव चढू लागले आणि पुढे तिपटी-चौपटीच्याही पलीकडे गेले. युद्धाच्या वर्षांत मुंबई इलाख्याला नेहमीच्या उत्पन्नाहून सुमारे आठ कोटी पौंड अधिक मिळाले, असा तत्कालीन अंदाज वारंवार दिला जातो. त्यातला वाटा शेतकऱ्याच्या ओच्यात किती पडला आणि सावकार, दलाल व निर्यातदार यांच्या तिजोरीत किती राहिला, हा जुना वाद आहे. एवढे मात्र निश्चित की पैसा शेवटी मुंबईत साचला, आणि साचलेल्या पैशाला वाट हवी होती.

ही वाट कायद्याने नुकतीच मोकळी केली होती. १८५७ च्या कायद्याने हिंदुस्थानात मर्यादित जबाबदारीची कंपनी काढता येऊ लागली: कंपनी बुडाली तरी भागधारकाचे नुकसान त्याच्या समभागापुरते. बँकांना ही सवलत तेव्हा नव्हती. ती १८६० मध्ये मिळाली. म्हणजे पैशाचा पूर येण्याच्या जेमतेम वर्षभर आधी बंधाऱ्याचे शेवटचे दार उघडले गेले होते.

आता त्या काळच्या यादीकडे पाहावे, कारण सारा वाद तिच्यातच आहे. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ रुई दाबणाऱ्या कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. शिवाय इतर संयुक्त भांडवली कंपन्या ६२. गॅझेटियरमधून हे आकडे पुढच्या प्रत्येक लेखकाने उचलले आणि ‘केवढी ही भरभराट!’ असे म्हणून पुढचे पान उलटले. आकडे मोजले, वाचले नाहीत.

ही तेजी कापसाची होती म्हणतात. मग कापसाला प्रत्यक्ष हात लावणाऱ्या, रुई दाबून गाठी बांधणाऱ्या कंपन्या १६, आणि पैसा उसना देण्यासाठी निघालेल्या संस्था ३१ अधिक १६ म्हणजे ४७. गाठ बांधणारा एक, तर कर्ज देणारे तीन. व्यापार वाढला की पतपेढ्या वाढतात हे मान्य. पण एका शहराला एवढ्या थोड्या अवधीत एवढ्या सावकारी संस्था कशासाठी लागाव्यात? कापूस खरेदीसाठी नव्हे. शेअर खरेदीसाठी.

या यंत्राची रचना अशी होती. नवी कंपनी निघे. तिच्या समभागांचे वाटप प्रवर्तकांच्या हाती असे आणि वाटपाची चिठ्ठी मिळणे हीच मोठी कृपा मानली जाई. चिठ्ठी हाती पडताच तिला बाजारात अधिमूल्य चढे. कंपनीने अजून एक वीटही रचलेली नसे. चढलेल्या भावाने तो समभाग बँकेत तारण पडे, तारणावर कर्ज मिळे, कर्जातून पुढच्या नव्या कंपनीची चिठ्ठी घेतली जाई. पुढची कंपनी बहुधा आणखी एक बँक किंवा वित्तसंस्थाच असे, जी पुन्हा समभागांच्याच तारणावर कर्ज देई. साप आपलेच शेपूट गिळत होता आणि लोक त्याची लांबी मोजून आनंदत होते.

सरकारचे भांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बे या खेळापासून अलिप्त राहावी अशी अपेक्षा होती. १८६३ च्या नव्या कायद्याने तिच्यावरची जुनी बंधने सैल झाली आणि कंपन्यांच्या समभागांवर कर्ज देण्यास तिला मोकळीक मिळाली. प्रेमचंद रायचंद यांचे या बँकेवरील वजन सर्वश्रुत होते. त्यांच्याविषयी मराठी-गुजराती लेखनात एक प्रकारचे भाबडे कौतुक आढळते: कापसाचा राजा, दानशूर, राजाबाई टॉवरचे दाते. दान खरे आहे; मुंबई विद्यापीठाला ते लाभले आणि मनोराही उभा राहिला. पण दातृत्वाच्या उजेडात वाटपाच्या चिठ्ठ्यांचा हिशेब झाकून ठेवण्याचे कारण नाही. मनोरा देणारा हात आणि चिठ्ठी वाटणारा हात एकच होता.

शिखर होते बॅकबे रेक्लमेशन कंपनी. समुद्र हटवून जमीन काढायची, ती विकायची, असा बेत. ५,००० रुपये भरणा झालेल्या तिच्या समभागाचा भाव ५०,००० च्या पुढे गेला. जी जमीन अजून पाण्याखाली होती तिचे हे मोल! आणि तरीही त्या काळच्या गुंतवणूकदाराला वेडा ठरवणे अन्यायाचे होईल. त्याला रोज दिसत होते की काल घेतलेली चिठ्ठी आज दुप्पट झाली. त्याने यादीतील प्रत्येक नाव स्वतंत्रपणे पाहिले आणि ते चांगले दिसले. सगळी यादी एकत्र ठेवून मात्र पाहिली नाही.

१ जुलै १८६५ ला वायदे पुरे करायचे होते. घेणाऱ्यांकडे पैसा नव्हता, कारण पैसा म्हणजे बँकेचे कर्ज, आणि कर्जाचे तारण म्हणजे तेच कोसळणारे समभाग. बँक ऑफ बॉम्बेचा समभाग एके काळी २,८५० रुपयांवर पोहोचला होता. तो ८७ रुपयांना विकण्याची पाळी आली. बॅकबेचा भाव भरणा झालेल्या रकमेच्याही खाली गेला. बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ मध्ये गुंडाळण्यात आली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आयोगाने बोट ठेवले ते १८६३ च्या कायद्याच्या ढिलाईवर आणि बँकेच्या कारभारावर. युद्ध थांबवल्याबद्दल अमेरिकेला त्याने दोष दिला नाही.

दंतकथेचे समर्थक येथे म्हणतील: भाव पडले हे तर खरे ना? पडले. पण पडून कुठे थांबले, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. युद्धानंतरची काही वर्षे हिंदी कापसाचा भाव युद्धपूर्व पातळीच्या वरच राहिला. वऱ्हाडचा कापूस-व्यापार १८६५ मध्ये मेला नाही. उलट तो नंतर फोफावला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला, मुर्तिजापूर, बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा लॉर्ड मेयोच्या हस्ते खुला झाला, तो कापसाच्या बाजारासाठीच. कापसाने मुंबईला बुडवले असते, तर कापूस पिकवणारा प्रदेश आधी बुडायला हवा होता. प्रत्यक्षात कापसाला रेल्वे मिळाली, आणि नाश झाला तो कापसाच्या नावावर निघालेल्या कागदांचा.

खुद्द तेजीतच एक इशारा मिळून गेला होता. १८६४ च्या उत्तरार्धात शांततेच्या अफवांनी लिव्हरपूलचा बाजार एकदा हादरला. नव्या कंपन्यांचा ओघ मात्र त्याने आटला नाही. माल डळमळतो आहे आणि तरीही मालावर उभ्या असल्याचे सांगणाऱ्या कंपन्या निघतच आहेत, एवढी एक विसंगती डोळसाला पुरेशी होती. आतल्या माहीतगारांना ती दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. ज्याच्याजवळ विकायला काही असते, तो भाव टिकून असेपर्यंत घाई करतो.

हाच या साऱ्याचा गाभा. नव्या कंपनीची बाजारातील पहिली विक्री ही विक्री असते, आणि तिचा दिवस विकणारा निवडतो. शेतकऱ्याला हा अधिकार कधीच नव्हता. बाशिमच्या शिवारात बोंडे फुटली की वेचावीच लागत, आणि साऱ्याचा हप्ता व सावकाराचा तगादा दाराशी असताना गाडी पेठेत न्यावीच लागे, भाव काहीही असो. कंपनीच्या प्रवर्तकावर असा ऋतूचा जुलूम नाही. त्याला थांबता येते. म्हणून सगळेच प्रवर्तक एकाच वेळी विकायला येतात, तेव्हा त्यातून त्यांच्या कंपन्यांची प्रकृती कळत नाही. कळते ते एवढेच की आज मिळणारा भाव उद्या मिळणार नाही, असे त्यांना वाटते आहे.

उलट उदाहरणही कापसाच्याच प्रदेशातले आहे. जमशेटजी टाटा १८६४-६५ मध्ये विलायतेत होते. त्यांच्या घराण्याच्या पेढीलाही या बुडीताने होरपळले. १८७४ मध्ये त्यांनी सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. भांडवल १५ लाख. गिरणी मुंबईत नव्हे, कापसाच्या दाराशी, नागपुरात. तिथल्या एका सावकाराने जमिनीत सोने पुरण्यासाठी पैसे देण्याचे नाकारले, अशी आख्यायिका आहे. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि पुढे कित्येक दशके तिने भागधारकांना भरघोस लाभांश दिला. नऊ वर्षांपूर्वी कागदावर पोळलेल्या बाजारात एकट्याने विकायला आलेल्या माणसाजवळ खरोखर काही करण्याची योजना होती. गर्दीत आलेल्या ४७ जणांजवळ होते ते कर्ज.

येथे प्रामाणिकपणे एक आक्षेप नोंदवला पाहिजे. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीचे भांडवल लंडनने नाकारले आणि ते स्वदेशीच्या लाटेत मुंबईने तीन आठवड्यांत उभे केले. तीही गर्दीच होती, उत्साहही होता, आणि कंपनी टिकली. तेव्हा गर्दी दिसली की कंपनी खोटी, असा सरळ नियम नाही. पण त्या गर्दीपुढे एक भट्टी उभी राहणार होती आणि पैसा त्या भट्टीत जाणार होता. पैसा कुठे जाणार, हा प्रश्न १८६५ मध्ये विचारला असता तर ४७ संस्थांचे उत्तर एकच आले असते: दुसऱ्या समभागावर.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येतो, कारण तो स्वतःलाच गिरवतो. १९९२ मध्ये भांडवल उभारणीवरील सरकारी नियंत्रणाचा कायदा रद्द झाला. तीन-चार वर्षांतच वर्षाला हजाराहून अधिक कंपन्या जनतेकडे पैसे मागू लागल्या, आणि त्यातील कित्येक पत्त्यासकट नाहीशा झाल्या. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्सने २१,००० ओलांडले. त्याच महिन्यात रिलायन्स पॉवरची विक्री मागणीच्या विक्रमासह पार पडली. विक्री बंद होते न होते तोच बाजार कोसळला, आणि ११ फेब्रुवारीला ४५० रुपयांचा तो समभाग पहिल्याच दिवशी त्याहून खाली बंद झाला.

आणि २०२४. त्या वर्षी मुख्य बाजारात ९० च्या आसपास कंपन्यांनी दीड लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम उभी केली. ‘अर्थव्यवस्थेवरील विश्वासाचा कौल’ असे त्याचे वर्णन झाले. ऑगस्टमध्ये दिल्लीतील दोन दुचाकी दालने आणि आठ कर्मचारी असलेल्या एका कंपनीने १२ कोटी रुपये मागितले. अर्ज आले सुमारे ४,८०० कोटींचे. बॅकबेच्या चिठ्ठीला १८६४ मध्ये जी झुंबड उडाली, तिच्यात आणि हिच्यात फरक फक्त मोबाइलचा.

ऑक्टोबरमध्ये ह्युंदाई मोटर इंडियाची २७,८७० कोटींची विक्री आली. तोवरची देशातील सर्वांत मोठी. त्यातला एकही रुपया हिंदुस्थानातील कारखान्याकडे जाणार नव्हता: जुन्या मालकाने, कोरियातील मूळ कंपनीने, आपला हिस्सा विकला. हे कागदोपत्री स्वच्छ लिहिलेले होते आणि त्यात बेकायदा काही नाही. कंपनी उत्तम गाड्या बनवते, हाही वाद नाही. प्रश्न एवढाच की व्यवसाय सर्वांत जवळून जाणणारा मालक नेमका त्या महिन्यात विकतो आणि लाखो अनोळखी लोक नेमके त्या महिन्यात घेतात, यातील कोण अधिक जाणतो? १,९६० चा समभाग २२ ऑक्टोबरला सूचिबद्ध झाला तो खालच्या भावाने. बाजाराचे शिखर त्याच्या महिनाभर आधी होऊन गेले होते. पुढे भाव उतरत गेले तसा नव्या कंपन्यांचा ओघ आटला. मार्च २०२५ मध्ये मुख्य बाजारातील प्राथमिक विक्री जवळजवळ थांबली. विश्वासाचा कौल असता, तर तो भाव स्वस्त झाल्यावर नाहीसा कसा झाला?

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात वाचण्याजोगा आहे. एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ मधील विक्रींत वैयक्तिक गुंतवणूकदारांनी आपल्याला मिळालेल्या समभागांपैकी, मूल्याच्या हिशेबाने, निम्मे एका आठवड्यात विकून टाकले. यांना ‘गुंतवणूकदार’ म्हणणे ही भाषेची उदारता झाली. १८६५ च्या मुंबईला त्यांच्यासाठी अधिक नेमका शब्द ठाऊक होता: सट्टेवाले.

यात वाशिमचा काय संबंध, असे कोणी विचारेल. २०१८ पासून हा जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. समृद्धी महामार्ग कारंजा, मालेगाव तालुक्यांतून जातो. कापसाची जागा बहुतांशी सोयाबीनने घेतली आहे, आणि २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना महाराष्ट्राच्या बाजार समित्यांत ते त्याहून बऱ्याच कमी भावाने विकले जात होते. म्हणजे ज्या ऑक्टोबरमध्ये शेअरबाजारात मालक आपल्या पसंतीच्या भावाने हिस्सा विकत होते, त्याच ऑक्टोबरमध्ये शेतकरी मिळेल त्या भावाने पोती रिकामी करत होता. १८६४ चा वऱ्हाडी कास्तकार मुंबईच्या कंपन्यांची यादी पाहू शकत नव्हता. त्याच्या पणतूच्या खिशातील मोबाइलवर ती रोज सकाळी येते. कोणती कंपनी किती पटीने भरली, अनौपचारिक बाजारात तिला किती अधिमूल्य चालू आहे, सारे काही.

त्या यादीसोबत प्रत्येक कंपनीचे माहितीपत्रकही येते, शेकडो पानांचे. पैसा कुठे जाणार, हे त्यात एका ठरावीक प्रकरणात लिहावेच लागते: नव्या कारखान्यासाठी किती, जुने कर्ज फेडण्यासाठी किती आणि जुन्या मालकांच्या हाती किती. १८६५ मध्ये हे पान नव्हते.